नांगर सोडण्याआधी खाली एकदा बघा

प्रति,
संरक्षित प्रवाळक्षेत्रात पर्यटकांच्या, डायव्हिंगच्या आणि मासेमारीच्या बोटी नेणारे सर्व तांडेल, कप्तान आणि बोटमालक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली बरीच वर्षं मी तुमच्या बोटींवरून पाण्यात उतरते आहे आणि तुमचाच हात धरून पुन्हा वर येते आहे. वारा कधी फिरणार, ओहोटीचं पाणी कुठल्या खाचेतून ओढ घेतं, कुठल्या ढगाला घाबरायचं आणि कुठल्याला नाही, हे मला पुस्तकांनी कमी आणि तुम्ही जास्त शिकवलं. तेव्हा तुम्हाला समुद्र शिकवण्याचा माझा अधिकार नाही. पण एक जागा रोज तुमच्या बोटीखाली असते आणि तुम्हाला दिसत नाही. मला ती दिसते. तिथं पाहिलेलं सांगायला हे पत्र लिहिते आहे.

एका सकाळी आमची बोट एका संरक्षित प्रवाळरांगेवर थांबली. पाणी आठ-नऊ मीटर, वारा मंद, लाटांची हलकी उचल. नांगर पडल्याचा आवाज आला, दोर सरसरत गेला, मग ताठ झाला. ‘धरला,’ तांडेल म्हणाले, आणि आम्ही एकेक करून उतरलो. दोराच्या कडेकडेने खाली गेल्यावर दिसलं की चार आकड्यांच्या नांगराचा एक आकडा घुमटासारख्या एका प्रवाळाच्या बुडाखाली अडकला आहे. तिथून दहा हातांवर वाळूचा चांगला मोकळा पट्टा होता.

नांगरापेक्षा मी साखळीकडेच जास्त वेळ पाहत राहिले. ती फांद्यांच्या प्रवाळाच्या झुडपावर आडवी पडली होती. वर बोट लाटेबरोबर उचलली की साखळी वीतभर वर यायची, बोट खाली बसली की पुन्हा आदळायची. पाण्याखाली आवाज फार स्वच्छ ऐकू येतात. दर आदळण्याबरोबर वाळक्या काटक्या मोडाव्यात तसा आवाज, आणि पांढऱ्या धुळीचा एक छोटा लोट. प्रवाळाची फांदी मोडली की आतून खडूसारखी पांढरी दिसते. त्या झुडपात निळसर हिरव्या चिमुकल्या माशांचा घोळका राहत होता. साखळी आदळली की ते सगळे बाहेर उसळायचे, ती उचलली की पुन्हा आत शिरायला बघायचे, आणि दर वेळी आतली जागा थोडी कमी झालेली असायची. मी अगदी जवळ गेले तेव्हा एका बेचक्यात नखाएवढा खेकडा दिसला. हे खेकडे त्या झुडपाचे राखणदार असतात. प्रवाळ खायला येणाऱ्या काटेरी तारामाशालासुद्धा ते चिमटे काढून हुसकावून लावतात. त्या दिवशी तो नांग्या उगारून साखळीसमोर उभा होता.

आम्ही वर आलो तेव्हा नांगर निघेना. इंजिन पुढे रेटलं, दोर करकरला आणि एकदम सैल पडला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. दुपारी दुसऱ्या बोटीतून त्याच जागी उतरले, तर तो घुमट उलटा पडलेला. जिवंत बाजू वाळूत, उजाड बूड वर. माझ्या गुडघ्याइतका उंच होता तो. या जातीचे घुमट वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे पन्नासेक वर्षांची वाढ, आणि ती उलटायला इंजिनाचा एक धक्का पुरला.

ते तांडेल निष्काळजी मुळीच नव्हते. बोटीवरची प्रत्येक दोरी जागच्या जागी, प्रत्येक प्रवाशाला लाइफ जॅकेट, पाण्यात गेलेल्यांची दोनदा मोजणी. त्यांना फक्त खालचं दिसत नव्हतं. आणि मला दिसलं होतं, तरी मी गप्प राहिले. बोटीवर सगळे खूश होते, मला कोणाचा विरस करायचा नव्हता. ती चूक माझी. तेव्हा दोन वाक्यं बोलले असते तर पुढच्या खेपेला नांगर वाळूवर पडला असता. जे तेव्हा त्यांना सांगायला हवं होतं, ते आता तुम्हा सगळ्यांना सांगते आहे.

प्रवाळ दगडासारखं दिसतं, हाताला दगडासारखं लागतं, म्हणून आपण त्याला दगड समजतो. पण त्या कडक चुन्याच्या सांगाड्यावर जिवंत प्राण्यांचा एक पातळ थर असतो. लाखो इवले जीव, एकमेकांना चिकटून राहणारे, आणि त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं जी उन्हावर अन्न तयार करून त्यांना भरवतात. हा थर इतका नाजूक असतो की साखळी नुसती घासून गेली तरी सोलला जातो. सोललेल्या जागी आधी शेवाळ बसतं, आणि शेवाळ एकदा बसलं की नव्या प्रवाळाच्या अळीला तिथे पाय रोवता येत नाही. तुटलेले फांद्यांचे तुकडे घट्ट जागी पडले तर पुन्हा रुजू शकतात, पण मोडक्या तुकड्यांच्या खचावर पडले तर लाटेबरोबर लोळत राहतात आणि मरतात. खचाचे असे पट्टे दशकानुदशकं तसेच पडून राहिलेले आहेत.

आता साखळी किती जागा व्यापते त्याचा हिशोब मांडते. तुम्ही हा हिशोब रोज करता, पण बोटीच्या बाजूने करता, मी तो तळाच्या बाजूने करते आहे. पाणी आठ मीटर आणि नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, उंची एक मीटर धरली तर नऊ मीटर झाले. पाचपट दोर सोडायचा तर पंचेचाळीस मीटर. वारा फिरला, भरतीची ओहोटी झाली, बोट गोल फिरली, तर नांगराभोवती सुमारे चव्वेचाळीस मीटर त्रिज्येचं वर्तुळ तयार होतं. क्षेत्रफळ सहा हजार चौरस मीटरच्या वर, म्हणजे दीड एकर. या दीड एकरातली कुठलीही जागा दोराच्या किंवा साखळीच्या वाटेत येऊ शकते. म्हणून नुसता नांगर वाळूत पडून भागत नाही. बोट जिथवर झुलणार आहे तिथवर खाली वाळू हवी. वाळूचा पट्टा लहान असेल तर तिथे नांगर टाकूच नये.

हे सगळं प्रवाळासाठी, असं कोणाला वाटेल. पण तुमच्या बोटीच्या दृष्टीनेही प्रवाळ ही नांगराची वाईट जागा आहे. आकडा प्रवाळात अडकतो तेव्हा तो धरल्यासारखा वाटतो, पण जोराचा हिसका आला की फांदी मोडते आणि बोट वाहू लागते. किंवा उलट होतं, साखळी एखाद्या खडकाला वेढा घालते. मग पंचेचाळीस मीटर सोडलेला दोर प्रत्यक्षात दहा मीटरचाच उरतो आणि दर लाटेला नाळेवर सगळा झटका येतो. रात्री वाऱ्याने तोंड फिरवलं तर असल्या नांगरावर झोप लागत नाही, हे तुमच्यापैकीच एकाने मला सांगितलं होतं. वाळूत मात्र रुंद पात्याचा नांगर आत रुतत जातो आणि जितका ओढावा तितका घट्ट बसतो. चार आकड्यांचा नांगर खडकात अडकवण्यासाठीच बनवलेला असतो. प्रवाळाच्या पाण्यात तो बोटीवरसुद्धा ठेवू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

बघायचं कसं, हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी नव्या पोरांसाठी लिहिते. ऊन डोक्यावर किंवा पाठीशी असताना प्रवाळक्षेत्रात शिरा, म्हणजे साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन. समोरून ऊन आलं की पाणी आरशासारखं होतं आणि खालचं काही कळत नाही. एक माणूस नाळेवर उभा करा, पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा लावून. फिकट निळसर हिरवं पाणी म्हणजे खाली वाळू. तपकिरी, पिवळसर तपकिरी म्हणजे उथळ पाण्यातलं प्रवाळ, आणि तिथे बोटीच्या तळालाही धोका आहे. गडद निळं म्हणजे खोल. काळसर डाग फसवे असतात. ते प्रवाळ असू शकतं, समुद्री गवतही असू शकतं, आणि गवताची कुरणंही नांगराने तशीच फाटतात. तेव्हा काळसर डागावर नांगर नाहीच. शंका आली तर बोटीवरच्या कोणालाही मास्क लावून पाण्यात डोकं घालायला सांगा. त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

नांगर सोडताना बोट थांबू द्या आणि तो हाताने हळूहळू खाली सोडा. भिरकावून दिला की तो कुठे पडेल सांगता येत नाही. मागे सरकत दोर सोडा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बोट सरकत नाही ना, ते पाहा. उचलताना बोट हळूच पुढे घेत नांगराच्या बरोबर वर आणा, दोर उभा झाला की मग सरळ वर ओढा. अडकला असेल तर इंजिन रेटू नका. कोणीतरी खाली जाऊन सोडवू शकतं. नांगराच्या डोक्याला वेगळा बारीक दोर आणि त्याला छोटा तरंगता गोळा आधीच बांधून ठेवला, तर उलट्या बाजूने ओढून तो वरूनच सुटतो. प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशिया बेटांच्या लगूनांत, म्हणजे प्रवाळरांगेने वेढलेल्या शांत पाण्यात, जिथे वाळूत मध्येमध्ये प्रवाळाचे ढीग उभे असतात, तिथे पुष्कळ शिडाच्या बोटी साखळीलाच थोड्या थोड्या अंतरावर गोळे बांधतात. साखळी तळावर न पडता पाण्यात अधांतरी राहते. मला ही युक्ती फार आवडली, कारण ती कुठल्या कार्यालयातून आलेली नाही, बोटीवरच्या माणसांनीच शोधलेली आहे.

सगळ्यात चांगलं म्हणजे नांगर टाकायची वेळच येऊ नये. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज इथे जॉन हॅलस नावाच्या जीवशास्त्रज्ञाने रोजच्या नांगरांनी होणारी मोडतोड पाहून एक साधी पद्धत बसवली. तळाच्या चुनखडकात भोक पाडायचं, त्यात पोलादी कडी सिमेंटने पक्की करायची, तिला तरंगता दोर आणि वर बोया, म्हणजे बोट बांधायचा तरंगता गोळा. दोर तरंगणारा असल्यामुळे तळाला कुठे घासत नाही. ही पद्धत पुढे जगभर गेली. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटाने 1979 मध्ये सागरी उद्यान स्थापन केलं. तिथे प्रवाळावर नांगर टाकायला बंदी आहे आणि बोटी बोयांनाच बांधतात. तांबड्या समुद्रात इजिप्तच्या हुरघाडाभोवती 1992 मध्ये स्थापन झालेल्या हेप्का या संस्थेने शेकडो बोये बसवले. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमध्ये काही उपसागरांच्या तोंडाशी पांढरे पिरॅमिडच्या आकाराचे बोये दिसतात. त्यांच्या आत किनाऱ्याच्या बाजूला नांगर टाकायचा नाही, अशी ती खूण असते. त्यांना बोट बांधायची नसते, हेही नव्या माणसाला सांगावं लागतं.

बोया दिसला की त्यालाच बोट बांधा, पण डोळे मिटून नको. वाऱ्याच्या खालच्या बाजूने, वाऱ्याकडे तोंड करून हळू जवळ या. बोयाच्या दोराला पुढे जो फास असतो त्यातून आपला दोर ओवून घ्या आणि पुरेसा सैल सोडा. दोर आखूड बांधला की दर लाटेला खालची कडी उपटल्यासारखी ओढली जाते. बांधण्याआधी तो दोर हातात घेऊन पाहा, विरलेला, कापलेला, शिंपल्यांनी खाल्लेला आहे का. प्रत्येक बोया ठरावीक लांबीच्या बोटीसाठी आणि ठरावीक वाऱ्यापर्यंतच असतो. एका बोयाला दोन-तीन बोटी शेजारी शेजारी बांधल्या की तो हिशोब कोलमडतो. आणि वेळ संपली की जागा सोडा. मागून येणाऱ्याला बोया मिळाला नाही तर तो बहुधा प्रवाळावरच नांगर टाकेल.

बोया नाही, वाळूही नाही, तर काय? तर नांगर टाकूच नका. प्रवाशांना सोडा, इंजिन न्यूट्रलला ठेवून, जाणता माणूस सुकाणूवर ठेवून, बोट बाजूला तरंगत राहू द्या, आणि ठरलेल्या जागी त्यांना उचलून घ्या. पाण्यात माणसं असताना इंजिनाचा पंखा फिरता कामा नये. प्रवाहाबरोबर वाहत जाणारी डायव्हिंग सगळीकडे अशीच चालते. याला जास्त इंधन आणि एक जादा माणूस लागतो, हे मला माहीत आहे. तो खर्च तिकिटात घाला आणि तिकीट महाग का झालं ते प्रवाशांना सरळ सांगा. माझ्यासारखे लोक तो आनंदाने देतील.

माझ्याकडे चार्टप्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा पडदा) आहे, जीपीएस आहे, मला सगळं दिसतं, असं काही जण म्हणतात. त्यांच्यासाठी तीन मोठ्या जहाजांच्या गोष्टी. 3 एप्रिल 2010 रोजी शेन नेंग 1 हे कोळशाचं जहाज ग्रेट बॅरियर रीफमधल्या डग्लस शोल या उथळ जागेवर चढलं. कामावरच्या अधिकाऱ्याला आधीच्या 38 तासांत जेमतेम अडीच तास झोप मिळाली होती. वळणाची वेळ निघून गेल्याचं कळेपर्यंत उशीर झाला. जहाजाने सुमारे 0.4 चौरस किलोमीटर तळ ओरबाडला आणि बुडाला लावलेला विषारी रंग प्रवाळावर घासून गेला. 17 जानेवारी 2013 रोजी अमेरिकन नौदलाचं यूएसएस गार्डियन फिलिपिन्समधल्या तुब्बताहा या जागतिक वारशाच्या प्रवाळावर चढलं. तिथला डिजिटल नकाशाच सुमारे आठ सागरी मैलांनी चुकलेला होता. शेवटी ते जहाज तुकडे करून काढावं लागलं. आणि 25 जुलै 2020 रोजी वाकाशिओ मॉरिशसच्या प्रवाळावर अडकलं, हजारेक टन तेल समुद्रात गेलं. ते जहाज मोबाइलचा सिग्नल मिळावा म्हणून किनाऱ्याजवळ आलं होतं, असं चौकशीत निघालं.

तिन्ही वेळा उपकरणं होती. नाळेवर उभं राहून पाण्याचा रंग बघणाऱ्या माणसाची जागा ती घेऊ शकली नाहीत. तुमच्याकडे तो माणूस आहे. त्याला नाळेवरून हलवू नका.

बाकीच्या गोष्टी तुम्ही जाणता, त्या भराभर सांगते. उथळ पाण्यात इंजिन जोरात चालवलं की पंख्याने उडालेला गाळ प्रवाळावर बसतो, आणि तो झटकण्यात त्या जिवांची शक्ती खर्ची पडते. बोटीच्या तळात साठलेलं तेलकट पाणी प्रवाळाच्या आसपास बाहेर काढू नका. शौचालयाची टाकी तिथे रिकामी करू नका, मैल्यातल्या खतावर शेवाळ फोफावतं. मोठ्या जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत प्रक्रिया न केलेला मैला 12 सागरी मैलांच्या आत सोडायला मनाई आहे. लहान बोटीला नियम लागू असो वा नसो, अंतर तेवढंच पाळावं असं मला वाटतं. प्लॅस्टिकबद्दल बोलायलाच नको, ते समुद्रात कुठेही टाकायला बंदी आहे.

यापेक्षा अवघड गोष्ट आहे प्रवाशांच्या हट्टाची. ‘इथेच थांबवा ना, इथे मासे जास्त आहेत.’ ‘मागच्या वेळी तर अगदी प्रवाळावर थांबवली होती.’ हे मी ऐकलं आहे, आणि तुम्ही नाइलाजाने मान डोलावताना पाहिलं आहे. गिऱ्हाईक नाराज होईल, शेजारची बोट ते घेऊन जाईल, ही भीती खरी आहे. म्हणून हे एकेकट्याने जमणार नाही. एका किनाऱ्यावरच्या सगळ्या बोटींनी मिळून ठरवा की प्रवाळावर कोणीच नांगर टाकणार नाही. मग हट्ट करणाऱ्याला जायला दुसरी बोटच उरत नाही. आणि माझा अनुभव सांगते, तळात काय होतं हे नीट सांगितलं की दहातले नऊ प्रवासी लगेच ऐकतात. बोट सुटण्याआधी दोन मिनिटं बोला. तुमच्या तोंडून ते जितकं पटतं तितकं कुठल्याही फलकावरून पटत नाही.

सागरी उद्यानांचे अधिकारीही हे वाचतील अशी आशा आहे, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. दंडाच्या पावत्या छापण्याआधी बोये बसवा. वीस बोटी येतात आणि सहा बोये आहेत, तिथे चौदा तांडेलांना तुम्ही आधीच गुन्हेगार ठरवलेलं आहे. बसवलेले बोये सांभाळा, कारण विरलेल्या दोराचा बोया बोया नसण्यापेक्षा घातक आहे. त्याच्या भरवशावर माणसं पाण्यात उतरतात. वाळूचे पट्टे कुठे आहेत ते नकाशावर दाखवून तो नकाशा प्रत्येक बोटीला फुकट द्या. आणि बोये कुठे हवेत ते ठरवताना तांडेलांना बोलवा. वारा कुठून येतो आणि बोट कुठे नीट उभी राहते, हे कार्यालयातल्या टेबलावर कळत नाही.

आणखी एक मागणी दोघांकडेही आहे. वादळ आलं, इंजिन बंद पडलं, बोट खडकावर चालली, तर जिथे असाल तिथे नांगर टाका. माणसांचे जीव आधी. त्याबद्दल कोणी दोष देऊ नये, आणि दिला तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. फक्त नंतर ती जागा कळवा. उलटलेला घुमट लवकर सरळ केला, मोडलेले मोठे तुकडे सिमेंटने जागच्या जागी बसवले, तर त्यातले बरेच वाचू शकतात. उशीर झाला की ते गाळाखाली आणि शेवाळाखाली जातात. पण कळवणाऱ्याला दंडाची भीती असेल तर कोण कळवेल? आपण होऊन कळवणाऱ्याला माफी, असा नियम उद्यानांनी करायला हवा.

तुमच्यातल्या एका जाणत्या माणसाने मला विचारलं होतं की समुद्रच तापतोय, प्रवाळ आपोआप पांढरं पडून मरतंय, तिथे आमच्या एका नांगराने काय होणार? प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. 2023 मध्ये सुरू झालेल्या चौथ्या जागतिक ब्लीचिंगमध्ये, म्हणजे प्रवाळ पांढरं पडण्याच्या लाटेत, जगातल्या सुमारे 84 टक्के प्रवाळक्षेत्राला उष्णतेची झळ बसली. त्यापुढे नांगर किरकोळ वाटतो. पण उष्णतेने आतलं शैवाल निघून गेलं म्हणून पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं. पाणी वेळेत थंड झालं तर शैवाल परत येतं आणि ते सावरतं. सावरण्याच्या त्या महिन्यांत ते उपाशी असतं. तेव्हा साखळीने सोललं, गाळाने झाकलं, मैल्याने शेवाळ वाढवलं, तर उठायची ताकद त्याच्यात राहत नाही. समुद्राचं तापमान तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही. नांगराचा दोर मात्र तुमच्याच हातात आहे. शिवाय ज्या प्रवाळाने ही उष्णता सोसली, त्याचीच पिलावळ पुढची रांग उभी करणार आहे. वर्षातल्या ठरावीक रात्री, बहुतेक ठिकाणी पौर्णिमेनंतर, ती प्रवाळं एकाच वेळी आपली बीजं पाण्यात सोडतात. मी ते एकदा पाहिलं आहे. टॉर्चच्या उजेडात खालून वर गुलाबी दाण्यांचा पाऊस पडत होता. ते दाणे कुठल्या प्रवाळातून निघाले ते मी हात लांब करून दाखवू शकले असते. वर एक बोट होती, वाळूत नीट नांगरलेली, आणि तिचे तांडेल दिवा मालवून कठड्यावर वाकून पाण्यावर तरंगणारा तो गुलाबी थर बघत होते.

प्रवाळाची रांग लाटांचा सरासरी 97 टक्के जोर बाहेरच्या बाहेर जिरवते. तुमच्या बोटी वादळात जिथे सुरक्षित उभ्या राहतात ते शांत पाणी तिने दिलेलं आहे. हे तुम्हाला मी सांगायला नको.

पुढच्या खेपेला मी तुमच्या बोटीवर असेन तेव्हा एवढं करू द्या. जागेजवळ आलो की इंजिन न्यूट्रलला घ्या, पंखा थांबला की मला खूण करा. मी मास्क लावून आधी एकटी उतरते. खाली वाळू असेल आणि बोट झुलेल तिथवर वाळू असेल, तर हात सरळ वर करीन. तो वर दिसला की नांगर सोडा. नाही दिसला तर थोडं पुढे घ्या, मी पोहत येते.

कळावे, लोभ असावा.

तुमच्याच बोटींवरून पाण्यात उतरणारी
एक डायव्हर